भिंतीकडे तोंड करून

लिटिल इंडियातल्या त्या चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात मी तूरडाळीची पाकिटं उलटीपालटी करून तारीख बघत होते, तेव्हा माझ्याबरोबर क्लासला येणाऱ्या ल्यान आंटीचा फोन आला. आंटी फोनवर कधी हॅलो म्हणत नाही. "टीचर गो ऑलरेडी," एवढंच ती म्हणाली. मागे ट्रॉली घेऊन कुणीतरी "एक्स्क्यूज मी, एक्स्क्यूज मी" करत होतं. मी बाजूला झाले. डाळ घेतली, कढीपत्ता घेतला, बिल केलं, एमआरटीच्या गाडीनं क्लेमेंटीला घरी आले आणि कुकर लावला. शिट्ट्या झाल्यावर गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिले. आता रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. ज्या बाईनं शेवटचे कित्येक महिने मला फक्त रडणं शिकवलं, तिच्यासाठी माझ्या डोळ्यांतून टिपूस निघेना, याचा मला इतका संताप आला की राहुल शाळेतून आल्या आल्या त्याच्यावरच खेकसले. "व्हाय स्कोल्ड मी लाह," तो म्हणाला, "मी काय केलं?" त्या पोरानं काहीच केलं नव्हतं. त्याला मी जेवायला वाढलं आणि सांगितलं की थेक्लाबाई गेल्या. तो ताटावरून उठून माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

थेक्लाबाई कोण, हे या पुरवणीच्या वाचकांना माहीत असायचं काही कारण नाही. त्या ग्रीक होत्या. नाच बसवायच्या, नाटकं बसवायच्या, आणि त्यांचं नाटक कुठे संपतं नि नाच कुठे सुरू होतो हे कुणाला कधी कळलं नाही. एके काळी युरोपात त्यांच्या नावावरून लोक हमरीतुमरीवर यायचे. त्या गेल्यावर इथल्या पेपरात चार ओळी आल्या नाहीत. तिकडे ग्रीसमधल्या एका पेपरात थोडंफार आलं म्हणे, पण त्यात त्यांच्या एकाही प्रयोगाचा फोटो नव्हता. असणार कुठून? फोटो काढूच दिले नव्हते त्यांनी. चाळीस वर्षांचं काम, आणि दाखवायला काही म्हणजे काही नाही… लोक मला सांगतात, आठवणी असतात ना. डोंबल असतात.

आमची ओळख झाली सार्सच्या साथीनंतरच्या वर्षी. नवरा, दीपक, युनिव्हर्सिटीत संशोधनाला आलेला, त्याच्या मागे मी डिपेंडंट पासवर. नागपूरला असताना मी हौशी नाटकांतून कामं करायचे, बक्षिसंही मिळवली होती. इथे येऊन करायचं काय, तर डबे भरायचे आणि शनिवारी इतर मराठी घरांत जाऊन नागपूर-पुण्याच्या गप्पा मारायच्या. त्या वर्षी आमच्या बौद्ध मंडळींनी जयंतीचा कार्यक्रम एका कम्युनिटी हॉलमध्ये ठेवला होता. मी त्यात बिडी वळणाऱ्या बाईचा छोटासा एकपात्री प्रसंग केला. माझी आत्या भंडाऱ्याकडची, जन्मभर तिनं बिड्या वळल्या, त्यामुळे ते हात मला पाठ होते. आमच्यानंतर त्याच हॉलमध्ये बाईंचा क्लास असायचा. आमचं लांबलं म्हणून त्या दारात ताटकळत उभ्या होत्या. उंच, काटकुळ्या, पांढऱ्या केसांची शेंडी बांधल्यासारखी गाठ, पायात पुरुषी चपला. कार्यक्रम झाल्यावर सरळ माझ्यापाशी आल्या आणि माझा हात उलटासुलटा करून बघितला. "तुझ्या हातात काय होतं?" म्हणाल्या. म्हटलं, काहीच नव्हतं, नुसता अभिनय. "खोटं बोलू नकोस, पान होतं," त्या म्हणाल्या. "माझी आई तंबाखूची पानं निवडायची. पान आहे की नाही ते मला दारातूनसुद्धा कळतं." आधी मला वाटलं, म्हातारी चक्रम आहे. ती होतीच चक्रम. पण पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या क्लासला जाऊन उभी राहिले. त्यांना हाक काय मारायची हा प्रश्न होता. आमच्याकडे शिकवणारीला बाई म्हणतात, असं मी त्यांना सांगितलं, आणि ते त्यांना इतकं आवडलं की पुढे चिनी आणि तमिळ बायकासुद्धा त्यांना बाई म्हणू लागल्या. ल्यान आंटी तेवढी शेवटपर्यंत टीचरच म्हणत राहिली.

त्यांची कहाणी मला तुकड्यातुकड्यांनी कळली, हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांवर कोपी, म्हणजे इथली कॉफी, पिता पिता. गाव उत्तर ग्रीसमध्ये, तंबाखूच्या वखारींचं. बायका वखारीत रांगेनं बसून पानं निवडायच्या आणि लहानगी थेक्ला आईच्या मागे बसून सगळ्यांच्या पाठी बघायची. अथेन्सला जाऊन त्यांनी पहिलं काम केलं ते तेच. रंगमंचावर बायकांची रांग, हातात पानं नाहीत, आणि तासभर निवडणं चाललंय. लोकांनी शिट्ट्या मारल्या. पुढचं काम याहून भारी. ग्रीकांच्या जुन्या नाटकांत कोरस असतो, आपल्या शाहिराच्या मागे झीलकरी असतात तसा. गावाच्या वतीनं बोलणारा, गाणारा घोळका. बाईंनी तो अख्खा कोरस प्रेक्षकांकडे पाठ करून उभा केला. का, तर गावात वाईट घडतं तेव्हा गाव पाठच फिरवतं. ते उघडं दगडी नाट्यगृह, बसायला भाड्यानं उशा मिळतात तिथे. लोकांनी त्या उशा स्टेजवर फेकल्या. "इतक्या उशा," बाई सांगायच्या, "की शेवटी आम्ही सगळे त्यांच्यावर आडवे झालो." इथवर सांगताना त्या खूप हसायच्या. याच्या पुढचं सांगताना हसायच्या नाहीत.

तिकडे तेव्हा लष्कराची राजवट होती. पाठ फिरवली ती आपल्याकडेच, असं सरकारनं घेतलं. प्रेक्षकांतून बघितलं तर नुसत्या पाठी, कोण कोण आहे ते कळायला मार्ग नव्हता. पण बाईंच्या एका चाहत्यानं, अगदी भल्या मनानं, रंगमंचाच्या मागे जाऊन एक फोटो काढला होता. त्यात सगळ्यांचे चेहरे होते. तो फोटो पोलिसांच्या हाती लागला. वासो नावाची एक मुलगी पहिली पकडली गेली, बाईंची सगळ्यात लाडकी. तिला विचारलं, तुझ्या शेजारी कोण होतं, कुणी काय केलं, कुणाच्या सांगण्यावरून केलं. तिला सगळं माहीत होतं, सगळं काम तिनं सगळ्यांबरोबर बसून बघितलं होतं. आणि तिथे तिच्याशी जे काही केलं गेलं, त्यापुढे तिनं ते सांगितलं. सुटून आल्यावर वासोनं परत कधी रंगमंचावर पाऊल ठेवलं नाही, आणि रस्त्यात समोरून बाई दिसल्या की ती पलीकडच्या बाजूला जायची. बाईंनी ग्रीस सोडलं ते त्यानंतर. जर्मनीत गेल्या, नाव झालं, मान मिळाला, मग हळूहळू 'फार अवघड बाई' असा शिक्का बसला आणि बोलावणी थांबली. साठीला टेकल्यावर इथल्या एका कलाशाळेत शिकवायला आल्या. ते काम संपल्यावरही परत गेल्या नाहीत. क्लेमेंटीत एका फ्लॅटमधली खोली भाड्यानं घेऊन राहिल्या.

वासोच्या त्या प्रकरणापासून बाईंचे दोन नियम झाले आणि ते मरेपर्यंत टिकले. कॅमेरा आणायचा नाही, हा पहिला. दुसरा म्हणजे कुणी कुणाचं काम बघायचं नाही. एकीला शिकवताना बाकीच्यांनी खोलीतच बसायचं, पण भिंतीकडे तोंड करून. पावलं ऐकायची, श्वास ऐकायचा, मान वळवायची नाही. शिकवायच्यासुद्धा तुकडेच, आणि तेही मागचे पुढे, पुढचे मागे. ते सगळं शेवटच्या काही दिवसांत बाई सांधायच्या. कुणी कुणाच्या श्वासावर उठायचं, कुणी कधी थांबायचं, हे फक्त त्यांच्या डोक्यात असायचं. आणि सांधून झालं की ते इतकं बरोबर बसायचं की अंगावर काटा यायचा.

इथेही त्यांनी कामं केली. एक तर आमच्याच ब्लॉकमध्ये. एचडीबीच्या, म्हणजे इथल्या सरकारी इमारतींतल्या, घरांत स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबूवर कपडे वाळत घालतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. बाईंनी एका रविवारी सकाळी वेगवेगळ्या मजल्यांवरच्या खिडक्यांत बायका उभ्या केल्या आणि पांढऱ्या ओल्या कपड्यांचे बांबू इतक्या हळू आत-बाहेर करायला लावले की अख्खी इमारत श्वास घेतेय असं वाटावं. प्रेक्षक खाली कारपार्कमध्ये माना वर करून. पाणी ठिबकतंय म्हणून कुणीतरी तक्रार केली, एक साहेब आला आणि विचारायला लागला, परवानगी आहे का. बाई म्हणाल्या, "कपडे वाळत घालायला?" दीपक खाली उभा होता. घरी येऊन म्हणतो, "मला आधी वाटलं, आज सगळ्यांनी एकदमच कपडे धुवायला काढलेत." त्याच्याशी मी दिवसभर बोलले नाही. आज वाटतं, निदान त्यानं ते पाहिलं तरी. आता त्या कामाचं जगात काही उरलंय म्हणाल तर दीपकचं हे एक वाक्य.

शेवटचं काम रडण्याचं. एकदा बाईंनी सहज विचारलं, तुमच्याकडे माणूस गेल्यावर बायका कशा रडतात? मला आमचे मोठे काका गेले तेव्हाचं आठवलं. आमचे बाबा शिक्षक, पक्के बाबासाहेबांच्या विचारांचे. "रडारड नको, वंदना म्हणा," हे त्यांचं ठरलेलं. सगळे पांढरे कपडे घालून शिस्तीत बसलेले, आणि दारात आत्या आली ती उंबऱ्यावरच बसली. "माह्या भावा रे… आता मी कोनाच्या दारी येऊ रे… काहून गेलास रे मले टाकून…" असा हेल काढून तिनं काकांचं अख्खं आयुष्य त्या रडण्यात सांगितलं. त्यांची सायकल, त्यांचं तंबाखू मळणं, तिच्या लग्नात ते कसे विहिरीमागे जाऊन रडले ते. बाबांनी तिला थांबवलं नाही. मी तेव्हा कॉलेजात होते, मैत्रिणींसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंना मी ते करून दाखवायला गेले, पण आवाज फुटेना. बाई म्हणाल्या, "आवाज टाकून दे. हुंदका घशात अडकतो ना, तिथून हात सुरू कर." त्या दिवशी माझ्या हातांतून आत्या बाहेर आली. बिड्या वळणारेच हात, पण आता ते हवेत कुणालातरी शोधत होते.  बाई म्हणाल्या, "हे शेवटचं काम. यानंतर मला काही सांगायचं नाही."

आम्ही चौघी होतो. पासिर रिसची ल्यान आंटी, जिनं तरुणपणी चिनी ऑपेरात कामं केली होती आणि मयतांत भाड्यानं रडायलाही गेली होती. सरोजा, इथेच जन्मलेली तमिळ शिक्षिका, छाती पिटून रडणं तिनं आजोळी पाहिलेलं. मी. आणि चौथ्या स्वतः बाई. किती महिने आम्ही ते केलं. रविवारी दुपारी, पंख्याच्या घरघरीत, दोघींनी भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि बाईंसमोर उभ्या असलेल्या तिसरीच्या पावलांचा आवाज ऐकायचा. माझ्या पाठीमागे ल्यान आंटी काय करायची देव जाणे, पण तिच्या श्वासानं माझ्या मानेवर शहारा यायचा. मी एकदा बाईंना स्पष्टच म्हटलं, "बाई, इथे कोण येणारे पकडायला? इथे च्युइंगगमला बंदी, फार तर त्यासाठी पकडतील. एकदा, एकदाच फक्त कॅमेरा लावू या. तुमचं हे सगळ्यात चांगलं काम आहे. तुम्हाला काही झालं तर?" त्यांनी कपातली कोपी संपवली. "सुजाता," म्हणाल्या, "वासोलाही मी हेच सांगितलं होतं. कोण येणारे पकडायला."  

सांधायचे दिवस जवळ आले होते. तारीख ठरली होती, छोटासा ब्लॅक बॉक्स, म्हणजे काळ्या भिंतींचं खोलीएवढं नाट्यगृह, मिळाला होता, कामाला नाव मात्र नव्हतं. नाव पहिल्या प्रयोगानंतर, अशी बाईंची पद्धत. आणि एका सकाळी घरमालकीण चहा विचारायला गेली तर बाई खोलीत जमिनीवर पडलेल्या. अर्धांगाचा झटका होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. इंग्रजी गेलं, जर्मन गेलं, ग्रीकसुद्धा गेलं. डोळे तेवढे शाबूत, आणि डावा हात.

मी रोज बसनं हॉस्पिटलला जायचे. एके दिवशी बाईंनी डाव्या हाताच्या बोटांनी हवेत चौकोन काढला. मला कळेना. पाणी? उशी? खिडकी उघडू? त्या डोळे मिटून घ्यायच्या, पुन्हा चौकोन काढायच्या. मग चौकोन डोळ्याशी नेला आणि एक डोळा बारीक केला… तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांना कॅमेरा हवा होता. ज्या बाईनं चाळीस वर्षं कॅमेऱ्याला दारात उभं केलं नाही, ती कॅमेरा मागत होती. दुसऱ्या दिवशी मी दीपकचा हँडिकॅम घेऊन गेले. बाईंनी डाव्या हातानं दाखवायला सुरुवात केली. आमच्या चौघींचं अख्खं काम त्या एका हातानं सांगायला निघाल्या होत्या. कुणी उठायचं, कुणी थांबायचं… पण कुणाचं काय ते कसं सांगणार? नाव घेता येत नव्हतं. उजवा हात पांघरुणावर तसाच पडलेला. मध्येच त्या थांबायच्या, हलणार नाही माहीत असून त्या हाताकडे बघायच्या, जणू आता त्याची पाळी आहे. मी कॅमेरा धरून उभी होते. थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच हात खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत.

अंत्यविधीला आम्ही मोजकीच माणसं. ग्रीसहून कुणी आलं नाही. येण्यासारखं कुणी उरलंच नव्हतं. बाईंचा धर्म बिर्म काही नव्हता, म्हणून प्रार्थना नाही, गाणं नाही. मी मनात वंदना म्हटली. ल्यान आंटी, जिनं परक्यांच्या मयतात गळा फाडून रडायचं काम केलंय, ती पर्स पोटाशी धरून नुसती उभी होती. आम्ही तिघी शेजारी शेजारी, तिघींच्या अंगात ते रडणं ठासून भरलेलं, आणि एकीचाही हात उचलला गेला नाही. पेटी आत गेली, दार बंद झालं. बाहेर येऊन आम्ही बसच्या रांगेत उभ्या राहिलो.

पंधरा-वीस दिवसांनी आम्ही आमच्या घरी जमलो. सोफा भिंतीला लावून जागा केली. माझं म्हणणं होतं, जेवढं आहे तेवढं तरी वाचवू, तिघींचे तुकडे जोडू, कुठेतरी एकदा तरी करू. नाहीतर बाई होत्या याला पुरावा काय? पहिल्यांदाच आम्ही एकमेकींचं काम बघितलं. ल्यान आंटी काय विलक्षण रडते, बिनआवाजाची… मी थक्क होऊन बघत राहिले. पण तिचं संपून माझं कुठे सुरू होतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. असं करून बघितलं, तसं करून बघितलं. तीन बायका एका खोलीत आपापलं काहीतरी करतायत, एवढंच दिसायचं. बाईंची जागा मध्येच कुठेतरी रिकामी, आणि ती नेमकी कुठे तेही माहीत नाही. शेवटी मी हॉस्पिटलची टेप लावली. बाईंचा डावा हात हलायला लागला. सरोजा म्हणाली, "हे माझं आहे." मी म्हटलं, अगं नाही, ते माझं, ते आत्याचे हात आहेत. ल्यान आंटी टीव्हीच्या काचेला बोट लावून म्हणाली, "धिस वन माइन. टीचर टीच मी, ओन्ली मी." आम्ही चक्क भांडलो. मोठमोठ्यानं, माझं-तुझं करत, त्या एका हातावरून. राहुल खोलीतून बाहेर येऊन बघायला लागला तेव्हा आम्हाला आमचीच लाज वाटली. चहा तसाच निवला. जाताना आंटी चपला घालत म्हणाली, "नो यूज लाह, सुजाता." सरोजाचा आता फोन येत नाही. मीही करत नाही.

माझा भाग मी रोज करते. दीपक कामावर आणि राहुल शाळेत गेला की बेडरूमचं दार लावून घेते आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत करते, विसरायला नको म्हणून. मग टेप लावते आणि पडताळून बघते. हुंदक्यानंतर माझा हात खांद्याच्या रेषेत थांबतो. टेपमधला हात त्याच्या जरा खाली थांबतो. रोज मी माझा हात थोडा खाली आणून बघते, पुन्हा वर नेऊन बघते. मी विसरत चाललेय, की तो तुकडा मुळात माझा नव्हताच, हे मला सांगणारं आता कुणी नाही. बाई गेल्या. आणि मी ते करत होते तेव्हा बाकीच्या दोघी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.